उंच खिळा

कोठीच्या किल्लीसाठी खिळा मी मुद्दाम उंच ठोकून घेतला होता. मी ताडमाड, सून बुटकी; साखर लागली तरी माझ्यापुढे उभं राहायचं, असा माझा कारभार. काल बादली उचलताना पाठीत कटकन झालं. आज डॉक्टरने एक्सरे दिव्यावर धरला. "आजी, हाडं ठिसूळ झालीत. मणके दबलेत, म्हणून उंची घटली." "उंची घटायला मी काय मेणबत्ती आहे?" म्हणत मी उठले. घरी येताच खिळ्याकडे हात नेला. टाचा उचलल्या, कळ मस्तकात गेली, पण किल्ली बोटांना लागेना. मागे सून उभी होती. "आई, स्टुलावर चढू नका हं, पडलात तर खुबा मोडेल." तिने पळी उलटी धरली आणि बोलता बोलता, वर न बघताच, वाकड्या दांड्याने किल्ली अलगद उतरवली. इतकी सफाई काही एका दिवसात येत नाही.