पैजेचं आरवणं

न्हाव्याने वेल्डरशी पैज लावली, तीही गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला फेस लावलेला असताना. दोन्ही पोरं आज एकदमच सुटणार, असं न्हाव्याचं म्हणणं. मारामारी एक, कलम एक, न्यायाधीशही एकच. हरेल त्याने चौकातल्या कट्ट्यावर चढून तीनदा कोंबड्यासारखं आरवायचं.

"मग आत्तापासूनच घसा साफ करायला लाग," वेल्डर म्हणाला.

गिऱ्हाईक फेसातून हसलं. न्हाव्याला काही हसू येईना. दोघांतला एक पोरगा कंत्राटदाराचा होता. दुसरा न्हाव्याच्या थोरल्या बहिणीचा, आणि त्याला दमा होता.

दुपारी कोर्टाने दोघांनाही जामीन दिला. अगदी सारखाच हुकूम. न्हाव्याने बहिणीकडे बघून डोळा मिचकावला. मग कारकुनाने विचारलं, जामीन राहणार कोण, आणि त्याच्या नावावर घर आहे का. कंत्राटदाराची चांगली चार होती. न्हावी राहायचा त्या खालच्या आळीत कुणाचंच नव्हतं. त्या आळीतल्या माणसाला गावात कुणी जागा विकतच नसे. न्हावी म्हणाला, दुकान भाड्याचं आहे, पण फिरती खुर्ची माझी स्वतःची, हवी तर उचलून आणतो. कारकुनाने पेनाला टोपण लावलं. भाचा परत चौकीच्या कोठडीत गेला.

संध्याकाळी कंत्राटदाराच्या बंगल्यावर स्पीकर लागले. पोरगा घरी आला होता. चौकातली तावदानं थरथरत होती. वेल्डर मान खाली घालून आला आणि म्हणाला, मरू दे ती पैज. न्हाव्याने ऐकलं नाही.

"हरलो ते हरलो. निदान हे तरी सरळ होऊ दे."

तो कट्ट्यावर चढला, मान ताठ केली आणि आरवला. पोरंटोरं खिदळली. दुसऱ्या वेळी आवाज मध्येच चिरकला आणि हसणं थांबलं.

तेवढ्यात बंगल्यासमोर उभी असलेली पोलिसांची जीप वळून कट्ट्याशी आली. हवालदाराने विचारलं, गोंगाट कोण करतंय. बंगल्यावरच्या गाण्यात ते कुणालाच ऐकू आलं नाही, म्हणून त्याला पुन्हा ओरडून विचारावं लागलं. राहतोस कुठे, हेही त्याने विचारलं. न्हाव्याने आळीचं नाव सांगताच त्याचा आवाज आणखी चढला.

"आता तोंडातून चकार शब्द काढलास, तर उचलून आत टाकीन."

न्हाव्याने हात जोडले आणि एक पाय खाली टाकला. तेवढ्यात गर्दीतून बहीण पुढे आली. दिवसभर चौकीच्या दारावरून तिला हाकलत होते. पदराआड मुठीत धरलेला पोराचा दम्याचा पंप तिने गुपचूप भावाच्या कमरेला आतून खोचला.

"एकदा राहिलंय ना," ती हळूच म्हणाली. "जरा मोठ्यानं आरव."

न्हाव्याने तिच्याकडे पाहिलं, पाय परत वर घेतला आणि छातीत हवा भरून घेतली.