परत म्हणा

"सत्तावीस, नऊ हजार फुटांवर चढा आणि उजवी दरी धरा. परत म्हणा."

विमानतळाच्या टॉवरबाईंनी हातातलं बोलायचं बटण सोडलं; ते सोडल्याशिवाय समोरच्याचं ऐकू येत नाही. कानात साधी खरखरही नाही. भिंतीशी बोलावं तसं.

"ऐकलंस?" बाई शेजारच्या टेबलावरच्या हवामानवाल्याला म्हणाल्या. "माझा व्याही. स्वतःचं विमान आहे म्हणून आकाशही स्वतःचंच!"

सांगितलेला आकडा वैमानिकाने जसाच्या तसा परत म्हणायचा, हा नियम. बाई त्यासाठी एकेकाला इतकं फैलावर घेत की त्यांचं नावच 'परत म्हणा बाई' पडलं होतं. फक्त व्याही तेवढे पालथा घडा. बावीस वर्षं एकच उत्तर: "कळलं." आज सकाळी धावपट्टी सोडतानाही "कळलं" म्हणाले, आणि त्यानंतर अवाक्षर नाही.

विमानात ते एकटे नव्हते. मागे बाईंची सून होती, आणि चार वर्षांची नात. दोघी डोंगरापलीकडे माहेरी निघालेल्या, येण्याचा दिवस न सांगता. सून म्हणत होती, सासूबाई मला 'या घरात तू पाहुणी आहेस' म्हणाल्या. बाई म्हणत होत्या, छे, मी असं बोललेच नाही. मुलगा दोघींच्या मध्ये चटणीसारखा वाटला गेला.

नातीचा लाकडी घोडा घरीच राहिला होता. बाईंनी तो पिशवीत घालून आणला खरा, पण खाली उतरून विमानापर्यंत जायचं म्हणजे सुनेच्या नजरेला नजर द्यावी लागणार. विमान उडालं, तशी त्यांनी पिशवी पायानेच टेबलाखाली ढकलली.

"बाई, डाव्या दरीत ढग उतरलेत," हवामानवाला म्हणाला. "आणि ती पुढे बंद आहे."

"मला सांगतोस? त्यांना सांग! सत्तावीस, डावीकडे वळू नका. डावी दरी बंद आहे. परत म्हणा!"

काही नाही. पडद्यावरचा ठिपका तर डोंगराआड केव्हाच गेला होता.

"दुसऱ्या एखाद्या विमानाकडून निरोप पाठवा ना. उंचावरच्याचं त्यांना ऐकू जाईल."

"तीनदा विचारलं. आज सगळ्यांनीच तोंडात गुळणी धरलीय." बाईंनी टेबलावर थाप मारली. "आणि या ऑफिसात तरी काय धड आहे? बोलणं चालू असलं की लागणारा तांबडा दिवा गेला त्याला महिना झाला. दुरुस्तीवाला येतो, चहा पितो, जातो. परवा मलाच शिकवत होता, 'हात दुखत असेल तर पायाचं बटण वापरा.' मी काय शिलाई मशीन चालवतेय?"

हवामानवाला घड्याळाकडे बघत होता.

"बाई, खिंड पार केल्याची खबर आतापर्यंत यायला हवी होती."

"बहिरा आहे तो माणूस. ठार बहिरा. उतरू दे, परवानाच काढून घेते." बाईंनी तक्रारीचा कागद ओढला. दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

"सत्तावीस," त्या म्हणाल्या. मग नुसतंच, "व्याहीबुवा."

कानात विहिरीसारखी शांतता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. बटणही ठेवलं. आवाज ओळखू येईना इतका बारीक झाला होता.

"पाहुणी मीच म्हटलं होतं रे. शपथेवर नाकारलं, पोराच्या तोंडावर. माझ्या जिभेला हाड नाही आणि नाकाला मात्र डोंगराएवढं. ती परत आली ना, तर दारात उभी राहून माफी मागेन. अख्ख्या गल्लीसमोर."

"येतील बाई. धीर धरा."

"ती पिशवी दे इकडे. घोडा आहे तिचा. नुसता हातात धरते."

हवामानवाला वाकला. पिशवी कशात तरी अडकली होती. त्याने जोर लावून ओढली, तसं टेबलाखाली खट्ट झालं. सकाळपासून पिशवीखाली दबलेलं पायाचं बटण वर आलं होतं.

आणि बाईंच्या कानात अख्खं आकाश एकदम बोलायला लागलं. तीन-चार आवाज, एकावर एक. त्यातला एक तिथला तिथे ओळखू आला.

"सत्तावीस. पाचव्यांदा सांगतोय विहीणबाई, नऊ हजार, उजवी दरी, डावी बंद. तुमचं सगळं ऐकू येतंय, आमचंच तुम्हाला पोचत नाहीय. खिंड पार होऊन दहा मिनिटं झाली. शेवटचं जे बोललात ते परत म्हणायचा अधिकार माझा नाही. माइक मागे देतो."

थोडी खरखर झाली. मग एका बाईचा आवाज आला, एकेक शब्द सुटा, अगदी नियमात.

"'पाहुणी मीच म्हटलं होतं. शपथेवर नाकारलं. ती परत आली तर दारात उभी राहून माफी मागेन. अख्ख्या गल्लीसमोर.' बरोबर आहे का, आई?"