चाळिसावं मिनिट

व्हिएतनाममधल्या का माउ गावच्या तळ्यांमधल्या कोळंबीला हवा पुरवणारे पंखे ज्या प्रोग्रामवर चालायचे, तो दर वेळी चाळिसाव्या मिनिटाला बंद पडायचा. त्याचं कारण प्रोग्रामर क्वेनला शेवटी सापडलं. सेन्सरचे आकडे आत घ्यायला आणि पंख्यांना हुकूम बाहेर धाडायला तिच्या कंपनीने सी भाषेत स्वतःच्या स्ट्रीम, म्हणजे माहितीच्या वाटा, बनवल्या होत्या. स्ट्रीम उघडताना मेमरी मागून घेतली जायची. बंद करताना ती परत करायचं मात्र राहून गेलं होतं, त्यामुळे चाळीस मिनिटांत सगळी मेमरी संपायची.

"हात लावू नकोस," तिचे साहेब तोआनदादा म्हणाले. "उद्या अर्ध्या तासाचंच तर दाखवायचंय. चालतंय ते चालू दे."

क्वेनने मान डोलावली आणि ते कॉफीला गेल्यावर मेमरी परत करणाऱ्या दोन ओळी गुपचूप घातल्या.

दुसऱ्या दिवशी तळ्याचे मालक बायकाका अर्धा तास पाण्याकडे टक लावून बसले. मग खूश होऊन उठले. "झकास! माझे जुने पंखे तर मी सकाळीच उपटून टाकलेत. आता संध्याकाळपर्यंत हे असंच चालू राहू दे. चला, जेवायला!"

तोआनदादांचा चेहरा पांढराफटक पडला. क्वेन हळूच त्यांच्या कानाशी लागली. "घाबरू नका दादा. ती चूक मी कालच दुरुस्त केलीये."



"माहितीये," ते कसेबसे म्हणाले. "म्हणून तर आज सकाळी मी जुना प्रोग्राम परत चढवला."