आईसमोरचं पान

ग्रीक मठातल्या संन्यासी निकिफोरसनं शुभवर्तमानाच्या ग्रंथाचं पान उलटलं आणि मेंढी चर्चमध्ये शिरली. थेट मेजापाशी येऊन पानाला नाक लावून उभी राहिली. कुणालाच नवल वाटलं नाही. ग्रंथात प्रत्येक दिवसाचं वाचन ठरलेलं होतं. येशूनं सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला वर्षातून एकदाच यायचा आणि त्या दिवशी ही यायचीच.

“हाकला तिला!” मठाधिपती गरजले. “मेंढराला काय कळतंय धर्मातलं?”

“धर्मासाठी नाही येत ती, फादर,” निकिफोरस म्हणाला. “ हे पान तिच्या आईच्या कातड्याचं आहे. भेटायला येते.”

“भेटायला? मग कायमचीच भेटवून टाकू. समोरचं पान तसंही उंदरांनी कुरतडलंय.”

मठाधिपती शब्दाचे पक्के. मेंढीचं कातडं सोललं, चुन्यात भिजवलं, ताणलं, घासलं आणि आईच्या पानासमोर शिवलं. त्यावरची अक्षरं निकिफोरसनंच काढली. डोळे पुसत काढली, पण सुरेख काढली.

पुन्हा तो दिवस आला. दारात कुणी नव्हतं. “वाच आता निवांत,” मठाधिपती म्हणाले.

पण पानं सुटेनात. वाफ देऊन झाली, पवित्र पाणी शिंपडून झालं. दोन्ही पानं एकमेकांना घट्ट बिलगलेली. शेवटी मठाधिपती स्वतः सुरी घेऊन वाकले. वाकले ते तसेच राहिले, पानांना कान लावून.

मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

“मिटा ग्रंथ,” ते हळूच म्हणाले. “आजचं वाचन झालं.”