मधला विमानतळ

आई तीन महिने थोरल्याकडे राहायची, तीन महिने धाकट्याकडे. दोघांच्याही छोट्या शहरांत विमानतळ होता, पण एकाकडून दुसऱ्याकडे सरळ विमान नव्हतं. मधे मोठ्या शहरात उतरायचं, तिथल्या बाकावर दिवसभर बसायचं आणि संध्याकाळचं दुसरं विमान धरायचं. पाय सुजून यायचे, कंबरेचा पार भुगा व्हायचा.

या खेपेला धाकटा खुशीत होता. "आई, सुटलीस बघ. थेट विमान सुरू झालंय. अंतर ते केवढंसं! दादानं तिकडे चहाला आधण ठेवलं, की उकळायच्या आत तू दारात."

बॅगेची चेन ओढता ओढता आईचा हात थांबला. "म्हणजे मधे उतरायचं नाही?"

"नाही गं. त्या बाकावरचं ताटकळणं संपलं."

"मला आपलं जुनंच तिकीट काढ, बाळा."

"अगं, या वयात हाडं कशाला खिळखिळी करून घेतेस? काय ठेवलंय त्या बाकावर?"

आई अडकलेल्या चेनशी खुडबुडत राहिली. "काही नाही रे. तिथं दिवसभर बसलं, तरी कुणी विचारत नाही, परत कधी जाणार म्हणून."