गडू उघडेपर्यंत

स्वयंपाकघरातून ठोकण्याचा आवाज येऊ लागला, तशी सुनीतीने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

श्रीपादराव गंगेचा गडू उघडत होते. हरिद्वारहून आणलेला, तोंड झाळून पक्कं बंद केलेला तांब्याचा गडू. वर्षानुवर्षं देवघरात नुसता बसून होता. तो कधी फोडतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. पलंगावरच्या त्यांच्या बायकोला, कल्पनालाही ते कळलंच असणार. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते. मुलगा पुष्कर मानेसरच्या कारखान्यातून यायचा होता. ‘बस, निकललोय’ हे त्याचं दिल्लीचं मराठी फोनवर ऐकून झालं होतं.

म्हणजे गडू उघडेपर्यंतचा वेळ सुनीतीचा होता.

सुनीती नगरकडची, ख्रिस्ती. प्रभूला ओळखल्यावाचून जो जातो त्याच्यासाठी पलीकडे अंधार आहे, हे ती खरं मानत होती, आणि रविवारपुरतं नव्हे. गेले कित्येक दिवस ती ठरवून यायची, आज कल्पनाला सांगायचंच. आणि पेज भरवून परत जायची.

दोघींची मैत्रीच तशी होती. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये शेजार जमला. ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये दोघी एकमेकींसाठी जागा धरायच्या. पुढे दिल्लीतल्याच द्वारका भागात फ्लॅटही एकाच सोसायटीत घेतले. कल्पनाच्या हळदीकुंकवाला सुनीती कधी चुकली नाही. तिला फूल मिळायचं, तिळगूळ मिळायचा, वाणही मिळायचं. कुंकवाचा करंडा मात्र कल्पनाने तिच्यापुढे कधी केला नाही. नाताळात कल्पना सुनीतीकडचा केक मिटक्या मारत खायची आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आत अलगद उठायची. एकीने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही. याला दोघी समजूतदारपणा म्हणत. आज सुनीतीला त्या समजूतदारपणाचीच भीती वाटत होती.

आत हातोडी घसरली. श्रीपादराव काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा ठोकू लागले. छतावरून विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या.

‘कल्पना,’ सुनीती म्हणाली, ‘ऐक गं. मला तुला एक सांगायचंय.’

कल्पनाने डोळे उघडले. ‘आधी मी विचारते. तुमच्यात म्हणतात ना, मेल्यावर आपली माणसं भेटतात?’

‘हो.’

‘मग आपली भेट होईल ना गं?’

इतकी वर्षं जे दार सुनीतीला ढकलता आलं नव्हतं, ते कल्पनानेच आतून उघडलं होतं. उत्तर तिला पाठ होतं: होईल, पण. त्या ‘पण’च्या पुढेच सगळं होतं. प्रभू, तारण, कल्पनाचं काय होणार ते सगळं. तिने कल्पनाचा हात हातात घेतला. काडी झाली होती त्याची. कल्पना तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

‘होईल,’ सुनीती म्हणाली.



‘बिल्कुल?’

‘बिल्कुल.’

‘मग काही नाही. मी पुढे जाऊन जागा धरून ठेवते. चार्टर्डमध्ये धरायचे तशी.’ कल्पनाने डोळे मिटले. आजार कळल्यापासून चेहऱ्यावर बसलेली भीती हळूहळू उतरली.

सुनीतीने तिचा खांदा हलवला. ‘अगं, माझं राहिलंय. कल्पना, माझं सांगायचं राहिलंय.’ तिने पुन्हा हलवलं. श्वास चालू होता, थांबून थांबून. डोळे उघडले नाहीत.

ठोकणं बंद झालं. श्रीपादराव गडू आणि चमचा घेऊन आले आणि बायकोकडे बघून दारातच थबकले.

‘किती दिवसांनी अशी शांत दिसतेय,’ ते म्हणाले. ‘काय सांगितलंत वहिनी तिला?’

‘काहीच नाही सांगितलं,’ सुनीती म्हणाली, आणि पाणी ओघळू नये म्हणून तिने कल्पनाची मान उचलून धरली.