भिंतीपलीकडचा चेंडू

चेंडू भिंतीवरून पलीकडे गेला आणि बालसुधारगृहाच्या अंगणात एकदम शांतता पसरली. मारला होता खुद्द देखरेख अधिकाऱ्याने. बॅट हातात धरून तो चोरासारखा उभा राहिला.

"जो मारेल तो आणेल," गोलंदाज म्हणाला. या पोराला सगळे वकील म्हणत, कारण दात घासायला सांगितलं तरी तो आधी 'का' विचारायचा.

नियम सगळीकडे हाच असतो, पण इथे तो कधी लागूच झाला नव्हता. पोरांना फाटकाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यांनी मारलेले चेंडू गेले ते गेलेच. आता हा शेवटचा उरला होता.

पंचाईत वेगळीच होती. खिडकीची काच फुटल्यापासून अधीक्षक मॅडमनी खेळ बंद केला होता. अधिकाऱ्याने त्यांच्या नाकदुऱ्या काढून काढून तो चालू करून घेतला, तोही आठवडाभराच्या बोलीवर. अट एकच: पोरांवरची नजर क्षणभरही हटता कामा नये. हटली, की अंगणाला पुन्हा कुलूप. कुलूप होतं तेव्हा संध्याकाळभर खोल्यांत कोंडलेली पोरं एकमेकांच्या उरावर बसायची, आणि त्यांना सोडवता सोडवता अधिकाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. या आठवड्यात एकही मारामारी झाली नव्हती.

पण समोर सगळी पोरं त्याच्याकडे अशी बघत होती, की त्याला राहवेना. नेमका त्याच्या जोडीचा अधिकारीही आज रजेवर होता.

"इथेच थांबा. हा गेलो आणि हा आलो."

फाटकावरच्या म्हाताऱ्या शिपायाने छोटं दार उघडून दिलं.

चेंडू गटारात पडला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अधिकारी आत उतरला आणि चिखलात हात घालून त्याने तो बाहेर काढला. परत येऊन बघतो तर फाटकावर पाळी बदललेली. म्हाताऱ्याच्या जागी नवा कोरा शिपाई उभा होता. कडक इस्त्री, चकचकीत बूट, नोकरीचा पहिलाच दिवस.

"कोण पाहिजे?" शिपायाने गजांतून विचारलं.

"कोण म्हणजे? मी अधिकारी आहे इथला. दार उघडा."

शिपायाने चिखलाने माखलेला बनियन वरून खालपर्यंत न्याहाळला. "ओळखपत्र?"

"शर्टाच्या खिशात आहे."

"आणि शर्ट?"

"आत खुर्चीवर. बॅटिंगला जाताना काढून ठेवला."

"बरं बरं," शिपाई म्हणाला. त्याच्या गावातही असे एकेक नमुने असावेत. तरी खात्री करावी म्हणून तो पोरांकडे वळला. "काय रे, ओळखता का याला?"

पोरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी साक्ष विचारत होतं. ती संधी कोण सोडतो? वकिलाने हनुवटी खाजवली. "चेहरा पाहिल्यासारखा वाटतो," तो म्हणाला. "पण हल्ली कुणाचं काय सांगावं?"

पोरं पोट धरधरून हसायला लागली. अधिकाऱ्यालाही हसू आवरेना. तेवढ्यात त्याची नजर पोरांच्या मागे गेली आणि हसू जागच्या जागी विरलं. कार्यालयाच्या पायऱ्या उतरून, चहाचा कप हातात घेऊन, मॅडम अंगणाकडे येत होत्या.

त्याचा उतरलेला चेहरा पाहून पोरांनी मागे वळून पाहिलं. एकेक करून ती भिंतीकडेला जाऊन बसली, मांडी घालून, ओळीने, एकमेकांत हातभर अंतर ठेवून. एरवी असं बसवायला अधिकाऱ्याचा घसा बसायचा. वकिलाने मात्र खुर्चीवरचा शर्ट उचलला आणि फाटकाकडे धाव घेतली.

"हे घ्या कार्ड, फोटो बघा," तो शिपायाला म्हणाला. "आमचेच आहेत ते. घ्या आत. मी जामीन राहतो."

दार उघडलं. मॅडम समोरच उभ्या होत्या.

"मुलं कुणाच्या ताब्यात होती?"

काहीतरी थाप मारावी असं त्याला फार वाटलं. पण पोरं ऐकत होती. "कुणाच्याच नाही, मॅडम. चूक माझी आहे. शिक्षा करायची तर मला करा, त्यांचा खेळ बंद करू नका."

मॅडमनी भिंतीकडेच्या ओळीकडे पाहिलं.

"यांना बसवलं कुणी?"

"कुणी नाही," वकील म्हणाला. "आमचे आम्हीच बसलो."

मॅडमनी चहाचा एक घोट घेतला. मग अधिकाऱ्याच्या हातातला चिखलाचा चेंडू दोन बोटांत धरून त्यांनी वकिलाकडे टाकला.

"यापुढे चेंडू भिंतीबाहेर गेला, की मारणारा आऊट. म्हणजे कुणी तिकडे मारणार नाही, आणि कुणाला बाहेर जावं लागणार नाही. उद्यापासून रोज हाच नियम."

अधिकारी नुसती मान डोलावत राहिला. 'उद्यापासून रोज' हे शब्द डोक्यात शिरायला त्याला वेळ लागला. शिरले तेव्हा पोरांनी अंगण डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याला आनंदाने काय करावं तेच सुचेना. तो खाली पडलेली बॅट उचलून पुन्हा खेळायला उभा राहिला.

वकील समोर आला. "बॅट द्या, सर."

"अरे वा रे वा! नियम आत्ता झाला. मी त्याच्या आधी मारला होता!"

"आऊट," पायऱ्या चढता चढता मॅडम म्हणाल्या.

अधिकाऱ्याने तोंड एवढंसं करून बॅट सोडली. वकिलाला त्याची दया आली असावी. त्याने चेंडू पँटला पुसला आणि हळूच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, सर. आऊट झालं म्हणून कुणाला कायमचं बसवतात का? पुढच्या डावात मिळते बॅट."